फोनमास्तरांचे हात

फोनमास्तर म्हणून हजारो लोक ज्याला ओळखत, त्याच्या व्हिडिओतले हात त्याचे नव्हतेच. आवाज त्याचा, विनोद त्याचे, पण नवाकोरा फोन खोक्यातून अलगद काढणारे ते दोन हात त्याच्या वहिनीचे होते. त्याची स्वतःची नखं लहानपणापासून दातांच्या तावडीत सापडलेली. पहिल्याच व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, "फोन छान आहे, आधी हात धुऊन या." मग घरात बरे हात कुणाचे याची शोधाशोध झाली आणि नवी नवरी हाती लागली.

लग्नाआधी ती पंख्याच्या जळलेल्या मोटारी भरायची. जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार अरुंद खाचांमधून वेटोळी घालत बसवायची. लग्न ठरल्यावर आईने काम बंद करायला लावलं आणि साय चोळून चोळून तिचे हात पाहुण्यांना दाखवण्याजोगे केले. ती साय अशी अंगाशी आली. तारेने लावलेली शिस्त बोटांत होतीच, एकही हालचाल वाया जायची नाही. दीर खूश झाला. एका दिवसापुरते म्हणून दिलेले हात तीन वर्षं झाली तरी तिला परत मिळाले नव्हते.

भांडी सासूबाई घासत. भाजी सासूबाई चिरत. सुनेने सुरीकडे नुसतं पाहिलं तरी त्या दचकत. कपडे वाळत घालायचे तर रबरी हातमोजे घालून. शेजारीण म्हणायची, "तुझं बरं आहे बाई, हात न हलवता बसून खातेस." हात हलवते म्हणूनच घरातले सगळे खातात, हे उत्तर तिच्या जिभेवर यायचं आणि ती ते गिळायची. शेजारणीला तरी काय बोलायचं? नवऱ्याने नोकरी सोडून भावाचा कॅमेरा सांभाळायला घेतला होता. जेवण झालं की तो तिचे हात मांडीवर घेऊन एकेक बोट मलमाने चोळायचा. त्या चोळण्यात माया होती, हीच तर पंचाईत. मारणाऱ्याचा हात धरता येतो म्हणतात. मलम लावणाऱ्याचा कसा धरायचा?

गेल्या आठवड्यात वर्कशॉपवाल्या काकांचा फोन आला. तिला काम शिकवलं ते यांनीच. "खिडकीजवळची तुझी खुर्ची ठेवलीय अजून," ते म्हणाले. "मला आता बारीक तार दिसत नाही गं. येणार असशील तर महिनाअखेरपर्यंत सांग. नाहीतर कुणालातरी बसवायला लागेल."

तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. जायचं होतं. पण हातावर एक ओरखडा आला की घराचं दुकान बंद, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

अशात तो नवा फोन घरी आला. जाहीर होऊन दोनच दिवस झाले होते आणि कंपनीने एक नग फोनमास्तरांकडे चार दिवसांसाठी पाठवला होता. समोरच्या खोलीत टेबलावर काळं कापड अंथरलं, दिवे लागले, नवरा कॅमेऱ्यामागे उभा राहिला. तिने खोकं उघडलं. फोन ओल्या साबणाच्या वडीसारखा बुळबुळीत आणि गार होता, आणि दिसायचा त्याहून जड. करायचा मात्र सगळं. नाडी बघायचा, परक्या भाषेतलं बोलणं उलगडून सांगायचा, अंधारात उजेड असल्यासारखे फोटो काढायचा. भाजी निवडणं तेवढं त्याने सासूबाईंसाठी ठेवलं होतं.

"आणि हे बघा," दीर कागद वाचत म्हणाला. "'नितळ' म्हणून एक सोय आहे. या फोनने व्हिडिओ काढला की त्यातल्या माणसाच्या अंगावरचे डाग, ओरखडे, मळ सगळं गायब. हे करून दाखवायला हवं. वहिनी, आज मळके हात लागतील."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "किती मळके, भाऊजी?"

"होतील तेवढे."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून घेऊन आली. पेटीत जळक्या पंख्याची एक मोटार होती, तारेचं रीळ होतं, वॉर्निशचा डबा होता. माहेरून आणलेल्या साड्यांखाली ती पेटी आली होती, हे नवऱ्यालाही आजच कळलं. तिने करपलेली तार उपसून काढली, बोटं काजळासारखी काळी झाली. खाचांत कागद सारला आणि नवी तार भरायला घेतली. वेटोळ्यामागून वेटोळं बसू लागलं. तार एकदा सटकून तर्जनीला कापून गेली, रक्त आलं, तिने बोट चोखलं आणि पुढे चालू ठेवलं. सासूबाई दारात कपाळाला हात लावून उभ्या होत्या. त्यांच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. कित्येक दिवसांनी ती मनापासून खूश होती.

नवा फोन तिच्या हातांवर रोखलेला होता. त्याच्या पडद्यावर तिचे हात दुधाने धुतल्यासारखे दिसत होते. जखम नाही, काजळी नाही, वॉर्निशचा डाग नाही. ती एकदा पडद्याकडे बघे, एकदा बोटांकडे. मग तिने काम थांबवलं आणि मनातलं बोलून टाकलं.

"मग आता मी काकांकडे जाऊ शकते ना? दिवसभर तिकडे काम करीन, संध्याकाळी शूटिंग. कितीही घाण झाले तरी हा फोन लपवतोय की."

नवरा कॅमेऱ्यामागून हळू आवाजात म्हणाला, "अगं, एरवी फोन तुझ्याच हातात असणार. तो स्वतःचा व्हिडिओ कसा काढेल? आपण काढतो तो आपल्या जुन्या कॅमेऱ्याने. त्याला सगळं दिसतं."

एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती, याची तिला लाज वाटली. नवऱ्याने बोटाला पट्टी बांधली. सासूबाईंनी पेटी बंद केली.

व्हिडिओ लोकांपुढे गेला आणि उलटंच झालं. फोनचं कुणाला काही पडलं नव्हतं. पडद्यावरचे गोरेगोमटे हात आणि त्याच्या शेजारचे खरे, काळे, कापलेले हात, यांतले खरे हातच लोकांना आवडले. एवढं सफाईने काम करणारे हात कुठे लपवून ठेवले होतेत, असं लोक विचारत होते. दीर ते मोठ्याने वाचून दाखवत होता. आता कसली अडचण? लोकांना मळके हात चालत होते, नव्हे, हवे होते. तिने मनातल्या मनात काकांना फोनसुद्धा लावून टाकला.

"वहिनी, ठरलं," दीर म्हणाला. "यापुढे प्रत्येक व्हिडिओत तुमच्या तारा भरणाऱ्या हातांवर फोनच्या कॅमेऱ्याची परीक्षा."

"म्हणजे मी वर्कशॉपमध्ये..."

"छे हो, तिकडे कशाला? उजेड कुठला तिथे? तार, रीळ, सगळं इथे आणून देतो. तुम्हाला आवडतं ना ते काम? घरबसल्या करा."

"बघ," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा खरंच उजळला होता. "तुझ्या मनासारखं झालं."

मागितलं ते त्यांनी दिलं होतं, मग तक्रार कसली करायची? दुसऱ्या दिवसापासून ती टेबलाशी बसून मोटार भरू लागली. शूटिंग संपलं की नवरा तार उपसून रीळ परत गुंडाळायचा, म्हणजे पुढच्या फोनला उपयोगी.

महिनाअखेरीला काकांचाच फोन आला.

"व्हिडिओत बघतो हं तुला," ते म्हणाले. "दिसतं थोडंफार, नात मोठं करून दाखवते. हात विसरला नाहीस. रोज भरतेस की काय? कुणाचे गं एवढे पंखे?"

"एकच आहे, काका. रोज सोडवतात, रोज भरते."

पलीकडे वर्कशॉपमधला, नुकताच दुरुस्त होऊन फिरायला लागलेला कुठलातरी पंखा तिला ऐकू येत होता.

"चालू करून तरी बघितलास का कधी?"

बाहेरून दिराने हाक मारली, "वहिनी, हात." दिवे लागले होते.

"त्याला पातीच नाहीत, काका," ती म्हणाली. "खुर्चीवर बसवा कुणालातरी."