कार्डावर राहिलेलं बोलणं

बाजारात त्याला सगळे काटेवाला म्हणत. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा मूळ धंदा, पण कॅल्क्युलेटर, रेडिओ, रिमोट, ज्याला म्हणून बटणं असतात ते सगळं त्याच्या टेबलावर येऊन पडे. वस्तू कुठलीही असो, पहिला उपाय ठरलेला. काढायचं, सदऱ्याच्या टोकाला पुसायचं, परत घालायचं. बॅटरी, वायर, कार्ड, काहीही. दहातल्या सहा वस्तू एवढ्यावरच चालू होत. उरलेल्या चारांसाठी तो चष्मा लावी. माणूस सरळ, हात सफाईदार, तोंड मात्र कुलूपबंद. अर्ध्या वाक्यात भागत असेल तर तो दुसरं अर्धं खर्च करत नसे. लग्नाचं राहूनच गेलं होतं. समोरून कुणीतरी विचारेल म्हणून हा वाट बघत बसला, असं ताई म्हणे.

ताई त्याची मोठी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले तेव्हा हिनेच त्याला जेवू घातलं, शाळेत घातलं, वेळेला दोन धपाटेही घातले. सगळ्या जगात त्याला ‘धाकट्या’ म्हणणारी ती एकटी. एकतीस वर्षं तिने शाळेत शिकवलं. फळ्याकडे तोंड करूनही शेवटच्या बाकावर काय चाललंय ते तिला कळे आणि मागे न वळता ती तिथल्या कार्ट्याला सरळ करी. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, तेव्हा ती दुकानावरच्या दोन खोल्यांत धाकट्याकडे राहायला आली. तो बोलत नसे, म्हणून ती दोघांचं मिळून बोले. त्याची चांगलीच सोय झाली होती.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सावरला, पण हात आणि वाचा काही परत आली नाही. समजत सगळं होतं, नेहमीपेक्षा जास्तच समजत होतं. धाकट्याने तिला पाटी आणून दिली. डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं बघून तिने ती पाटी अशी भिरकावली की खाली दुकानात आवाज गेला. जन्मभर दुसऱ्यांच्या अक्षरावर लाल शेरे मारलेली बाई स्वतःचं असलं अक्षर कशी चालवून घेईल?

तेव्हा धाकट्याला कपाटातलं एक जुनं यंत्र आठवलं. हातात मावणारा छोटा संगणक, उघडला की आत बारीक कीबोर्ड, चालणारा लिनक्स नावाच्या प्रणालीवर. कुणी गिऱ्हाईक दुरुस्तीला ठेवून गेलं ते फिरकलंच नव्हतं. नऊ दिवस खपून त्याने त्यात लिहिलेलं वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवला. आवाज मिळाला तो एका घोगऱ्या पुरुषाचा. ताईने पहिलं वाक्य लिहिलं आणि यंत्र बोललं, “हा मेला कोण?”

दोघंही हसले. त्या घरात तीन महिन्यांनी कुणीतरी हसलं होतं.

पण यंत्राची मेमरी होती चौसष्ट एमबी, म्हणजे नावालाच. ‘पाणी दे’ एवढं ते नीट म्हणे. ‘पाणी दे आणि पंखा बंद कर’ म्हटलं की पंख्यापाशी येऊन त्याची बोबडी वळे. मग धाकटा बाजूचं मेमरी कार्ड काढी, पुसे, घाली, आणि यंत्र पुन्हा सुरू होई. दिवसातून वीस वेळा हे करून तो कंटाळला आणि शेवटी त्याने कार्डावर स्वॅप फाइल केली. ही काय भानगड, असं ताईने विचारलं. त्याने तिला टेबल दाखवलं. टेबलावर जागा पुरली नाही की मी आत्ता न लागणाऱ्या वस्तू खणात सरकवतो आणि लागल्या की काढतो, तसंच हे. मेमरी भरली की यंत्र थोडा माल कार्डावरच्या या फाइलमध्ये ठेवतं. फक्त एक पथ्य. स्वॅप चालू असताना कार्ड काढायचं नाही, आधी स्वॅप बंद करायचा. नाहीतर खणच ओढून नेल्यासारखं होईल आणि यंत्र जागच्या जागी गोठेल. त्याने कार्डाच्या खाचेवर चिठ्ठीही चिकटवली, ‘चालू असताना काढू नये’. ताईने सगळं ऐकून लिहिलं, “म्हणजे माझी अर्धी अक्कल आता खणात.”

यंत्र अडायचं थांबलं, पण कार्ड पडलं संथ. वाक्य जितकं मोठं तितकी कार्डावर ये-जा जास्त, आणि ती चालू असेतो कडेचा हिरवा दिवा लुकलुकत राही. ताई डाव्या हाताच्या एका बोटाने लिहिणार, त्यावर यंत्र दोन-तीन मिनिटं विचार करणार, मग बोलणार. शिवणकाम करणारी शेजारीण येऊन तासभर सुनेचं गाऱ्हाणं सांगून जाई. तिच्यामागे दार लागलं की बंद दाराला यंत्र म्हणे, “बाई, मला तुमच्या सुनेचं पटतं.”

पहिले काही महिने धाकटा थांबला. मग तो प्रश्न विचारून स्वयंपाकघरात जाऊ लागला. भात शिजत आला की बाहेरून आवाज येई, “आज भात नको.” मग त्याने विचारणंच कमी केलं. तिला काय हवं असेल ते आपल्याला ठाऊक आहे, असं तो धरून चालला. तिच्याकडे आलेल्या माणसांनाही तोच उत्तरं देऊ लागला, तेही अर्ध्या वाक्यांत. ती बोट वर करून थांब म्हणे, तेव्हा तो हो हो म्हणत जिना उतरे. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मन चांगलं असून तिचं बोलणं ऐकलं जात नव्हतं, हेही तितकंच खरं.

गेल्या वर्षी तिचा मुलगा एका दिवसासाठी आला. भाचा मनाने चांगला, पण घड्याळाचा गुलाम. त्याने नवं घर घेतलं होतं, आईसाठी खाली खोली होती, दिवसा बघायला बाई ठेवणार होता. मामाला आता हे झेपत नाही, असं तो म्हणाला. मामाने झेपत नाही असं कधी म्हटलं नव्हतं. झेपतं असंही म्हटलं नव्हतं. मुलगा आईला न्यायला आलाय, त्यात आपण कोण मध्ये पडणार, असा त्याने विचार केला. शिवाय ताई नाही म्हणणार याची त्याला इतकी खात्री होती की आपल्यालाही काही बोलावं लागेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

दुपारी भाचा बॅग दाराशी ठेवून आईसमोर बसला. “आई, गाडीला सव्वा तास आहे. माझ्याबरोबर येतेस, की मामाकडेच राहतेस? तू म्हणशील तसं.”

ताईने बोट वर केलं, यंत्र ओढून घेतलं आणि लिहू लागली. आज तिचं लिहिणं संपेना. भाच्याने एकदा घड्याळ पाहिलं, दोनदा पाहिलं. मग तिने शेवटचं बटण दाबलं आणि हिरवा दिवा लागला. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. दिवा आता लुकलुकतही नव्हता, नुसता जळत होता. भाचा उठून बॅगेचा पट्टा ताणू लागला. यंत्र अडलं असं धाकट्याला वाटलं, आणि जे हात हजारो वेळा करत आले होते तेच त्यांनी केलं. चिठ्ठी बाजूला सारून त्याने कार्ड काढलं.

काढल्या क्षणी त्याला कळलं. दिवा विझला, पडद्यावर अर्धवट पुसलेल्या रेघा तशाच राहिल्या. स्वॅप चालू असताना कार्ड काढू नये हे त्या पेठेत सगळ्यांत नीट त्यालाच ठाऊक होतं, आणि काढलं त्यानेच.

भाचा म्हणाला, राहू दे मामा, तिला मी तिकडे नवीन घेऊन देतो. आई, तू नुसती मान हलव, येतेस ना?

ताईने मुलाकडे पाहिलं नाही. तिने धाकट्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून कार्ड सदऱ्याच्या टोकाला पुसत होता. ती बघतेय हे त्याला जाणवत होतं, पण यंत्राची वाट लावली म्हणून रागावली असेल, असं त्याला वाटलं. दोन मिनिटं द्या, चालू करतो, असं तो पुटपुटला. त्याने मान वर केली तोवर ताईने होकार दिला होता.

ती गेल्यावर दोन खोल्या त्याला खायला उठल्या. शेजारपाजारचा कालवाही त्याच्या कानी पडेना. तो सवयीने दोघांचा भात लावी आणि दोन वेळा तोच खाई. दुकानात दिवसभर कामापुरतं बोलणं होई, वर आलं की तेही बंद. कधी कधी ताटावर बसल्यावर लक्षात येई की आपण सकाळपासून एकही पुरं वाक्य बोललेलो नाही. पूर्वीही तो बोलत नव्हता, पण तेव्हा ते गप्प राहणं कुणाच्या तरी सोबतीने होतं.

दर रविवारी तो फोन करी. भाच्याने आईला नवाकोरा टॅब घेऊन दिला होता. त्यात गोड बायकी आवाज होता आणि मोठ्या बटणांवर तयार वाक्यं होती. धाकट्याने कशी आहेस म्हणायचा अवकाश, लगेच उत्तर येई, “मी बरी आहे. तू काळजी घे.” इतकं लगेच, की हे तिने लिहिलं की नुसतं बटण दाबलं, ते त्याला कळत नसे. विचारायचा धीरही होत नसे.

असे चार महिने गेले. एका संध्याकाळी एका गिऱ्हाइकाच्या रेडिओला कार्ड हवं होतं, म्हणून त्याने त्या दिवसापासून खणात तसंच पडलेलं ताईच्या यंत्राचं कार्ड आणलं. पुसून टाकण्याआधी कार्ड एकदा उघडून बघायचं, हा त्याचा नेम. लोकांचे फोटो त्याने असे किती तरी वाचवले होते. कार्डावर फक्त स्वॅप फाइल होती. ती फाइल कुणी वाचण्यासाठी नसते. पण बंद न करता ओढून काढलेल्या स्वॅपमध्ये शेवटी ठेवलेला माल तसाच पडून असतो, हे त्याच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. त्याने चष्मा लावला आणि दुकानातल्या संगणकावर त्या फाइलमधली मराठी अक्षरं शोधायला लावली.

कचऱ्यातून तुकडे वर येऊ लागले. कुठला कधीचा, काही पत्ता नाही. ‘आज भात नको’. ‘बाई मला तुमच्या सु’. ‘थांब’. ‘अरे थांब’. ‘धाकट्या थांब जरा’. थांब तर इतक्या ठिकाणी होतं की त्याने मोजायचं सोडून दिलं. आणि मग एक लांब तुकडा आला. ‘जायला माझी ना नाही पण आधी मामाला विचार. तो कधी काही बोलत नाही, मला कळत नाही मी त्याला जड झाले की काय. त्याला माझा कंटाळा आला नसेल आणि तो राहा म्हण’

तिथे फाइलचा तो भाग संपत होता. पुढचं ‘म्हणाला तर’ की ‘म्हणत असेल तर’, ते काही कार्डावर उतरलं नव्हतं. त्याने ते शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचले. राहा म्हण. वर्गात उभं करून सांगावं तसे ते पडद्यावर होते. ती बघत होती ती यंत्रासाठी नाही, हे त्याला आता कळलं, आणि तो तिथेच टेबलावर डोकं टेकून रडला.

दुकानाचं दार ओढून घेऊन त्याने फोन लावला. भाच्याने उचलला. आज काही रविवार नाही, मामा, सगळं ठीक ना, असं त्याने विचारलं. धाकट्याने फोन ताईच्या कानाला लावायला सांगितला.

“ताई,” तो म्हणाला, “राहा. त्या दिवशी म्हणायचं राहिलं माझं. मला कधी तुझा कंटाळा आला नव्हता. तू राहा.”

नेहमीचं झटपट उत्तर आलं नाही. भाचा म्हणाला की ती लिहितेय, तू ठेव, मी नंतर कळवतो. नाही, मी थांबतो, असं धाकटा म्हणाला, आणि फोन कानाला लावून उभा राहिला. बाहेर गिऱ्हाइकाने दोनदा कडी वाजवली. त्याने लक्ष दिलं नाही.

बऱ्याच वेळाने तो गोड आवाज आला. “उशीर केलास, धाकट्या.”

भाचा पलीकडे हसला. “मामा, खरंच उशीर केलास. आमची जेवणं कधीच उरकली, तिच्या झोपायची वेळ झाली. यापुढे फोन जरा लवकर करत जा.” ताई कुठला उशीर म्हणाली ते मामाला कळलं होतं, पण बरं, असं तो म्हणाला, दुकानात काम निघालं होतं म्हणून उशीर झाला, असंही त्याने सांगितलं. मग त्याने फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला दार उघडलं.