वस्तऱ्याचा 'हो'

तळमजल्यावरच्या न्हाव्याला आमचा सगळा जिना 'वस्तरा' म्हणायचा, आणि ते काही हातातल्या हत्यारामुळे नव्हे. गिऱ्हाईकाच्या गळ्याभोवती कापड आवळलं, की त्याची जीभ सुटायची. माझ्या टकलाला तो 'मोकळा प्लॉट' म्हणे. बायकोला तर चारचौघांत सुनवायचा, "तुला काय कळतं? गप बस." वहिनी गप बसायच्या.

एके सकाळी दाढी करता करता त्याचा उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी गाडी शोधायला धावलं. वस्तरा वाचला, पण हॉस्पिटलातून परत आला तो एकच शब्द घेऊन. पाणी हवंय? "हो." नकोय? "हो."

वहिनी मात्र पोतंभर शब्द घेऊन आल्या. जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "स्ट्रोक, भावोजी! मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली, म्हणून उजवं अंग गेलं. आणि वाचा गेली त्याला अफेसिया म्हणतात. बुद्धी शाबूत आहे हं. सगळं समजतं त्यांना. 'नाही' म्हणायचं असतं, तरी बाहेर 'हो'च पडतं."

'सगळं समजतं' हे त्या असं म्हणाल्या, जसं कुणी घबाड सापडल्याचं सांगावं.

वस्तऱ्याचा जीव होता दुकानात. उजवा हात लुळा, तरी रोज पाय ओढत जाऊन तो आपल्या गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बसायचा. धाकट्या भावाचा डोळा त्याच दुकानावर होता. एक दिवस तो आम्हा शेजाऱ्यांना साक्षीला गोळा करून आला.

"दादाला डिमेन्शिया झालाय. डोकंच राहिलं नाही त्याचं, आता मलाच बघायला हवं," असं आम्हाला सांगून तो भावाकडे वळला. "दादा, दुकान माझ्या नावावर करायचं ना?"

"हो," वस्तरा म्हणाला, आणि डावा हात जोरजोरात हलवू लागला.

"ऐकलंत?"

"थांबा," वहिनी पदर खोचत पुढे आल्या. "डिमेन्शिया नाही, अफेसिया. आणि त्यांचा 'हो' कसला असतो ते दाखवते." त्या नवऱ्यासमोर वाकल्या. "अहो, तुम्ही गाढव आहात का?"

"हो."

पहिला मीच हसलो. मग सगळा जिना.

"माझ्या माहेरच्यांना भिकारडे म्हणत होतात. तुम्हीच भिकारडे ना?"

"हो."

"मला गप बसवत होतात, कारण तुम्हालाच काही कळत नव्हतं. बरोबर?"

"हो... हो..." त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनीही हौस भागवून घेतली, "काय हो, माझे केस वाकडे तुम्हीच कापले होते ना?" त्यांनाही "हो" मिळाला. कुणीही घ्यावा, फुकट होता.

दिराचं तोंड उतरलं. या 'हो'ला किंमत नाही हे सगळ्या जिन्यासमोर शाबीत झालं होतं. तो तणतणत निघून गेला आणि दुकान वाचलं. आम्ही म्हटलं, बाई जिगरबाज!

पुढच्याच आठवड्यात दुकानासमोर टेम्पो उभा राहिला. वहिनींनी जागा मोबाइलवाल्याला भाड्याने दिली होती.

"वहिनी, त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं.

"म्हणजे काय! त्यांना न विचारता मी काही करते का कधी?" त्या गोड हसल्या. "हो म्हणाले."

हमाल गिऱ्हाईकाची ती मोठी खुर्ची उचलू लागले. वस्तऱ्याने डाव्या हाताने तिचा दांडा घट्ट पकडला, मान उडवत, लाळ गाळत ओरडू लागला, "हो! हो! हो!"

"काका मदत करतायत बघ," एक हमाल कौतुकाने म्हणाला. "हां काका, अजून थोडा जोर लावा!"

त्याने लावला. दोघा हमालांपुढे लुळं अंग किती टिकणार? बोटं सुटली, आणि खुर्ची टेम्पोत चढली.