आदी बगू, मग बदलू

कुठलंही बिघडलेलं यंत्र समोर आलं की ताई आधी त्याच्यावर नुसता हात ठेवायच्या. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मान जरा झुकवून म्हणायच्या, "आदी बगू, मग बदलू." समोरचा कितीही घाईत असो, यापलीकडे एक शब्द नाही.

सांगलीत मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन मोठ्या गाळ्यांच्या मधली अरुंद पट्टी. लांबलचक टेबल, त्यावर पोटं उघडी टाकलेले टीव्ही, टेप, रेडिओ, आणि त्या पसाऱ्यात मान खाली घालून बसलेल्या त्या. वय पस्तिशीचं, पदर खोचलेला, अंबाड्यात पेन्सिल. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "मेकॅनिक कुठायत?" त्या हातातलं काम न थांबवता म्हणत, "बसा. येतील इतक्यात." आणि दहा मिनिटांनी त्याचाच टेप वाजता करून त्याच्या हातात देत. बिचारा जाताना दुकानाची पाटी वाचत जाई.

दुकान मूळचं त्यांच्या वडिलांचं. अण्णा लष्करात सिग्नलमध्ये हवालदार होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी रेडिओ दुरुस्ती सुरू केली आणि लेकीला शेजारी बसवलं. लग्न होऊन त्या सासरी गेल्या, दोन वर्षांनी परत आल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि गल्लीत कुणी विचारलं नाही. बुद्धपौर्णिमा सोडली तर दुकान वर्षभर उघडं असे.

आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो. मी तर त्यांच्याहून मोठा, तरी ताईच. त्याला कारण आमची पहिली भेट. माझा टीव्ही घेऊन गेलो होतो. चित्र वर वर पळत होतं आणि मी सवयीने त्याच्या डोक्यात दोन चापट्या मारल्या. त्यांनी विचारलं, "काय करता तुमी?"

"शाळेत शिकवतो. विज्ञान."

"पोरांना पन असंच शिकवता का?"

त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर कुठल्याही वस्तूवर हात उगारला नाही. वर्गातही थोडा सुधारलो असं माझी बायको म्हणते.

ताईंच्या नजरेची एक गंमत सांगतो. टीव्हीचं मागचं झाकण काढलं की त्या तो कुठल्या घरातला हे सांगायच्या. आत पिवळी भुकटी असली तर हळदीच्या व्यापाऱ्याचा. मुंग्यांची रांग निघाली तर गुळाच्या अडत्याचा. एकदा एका टीव्हीतून पालीची अंडी निघाली तेव्हा म्हणाल्या, "ह्या घरात टीव्ही कुनी बगतच न्हाई. चांगलं घर असनार."

आणखी एक प्रसंग माझ्या समोरचा. तासगावकडचे एक म्हातारे शेतकरी कापडात बांधून रेडिओ घेऊन आले. "मुका झालाय बगा," म्हणाले. ताईंनी मागचं झाकण उघडलं. सेल उलटे घातलेले. मी हसणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू घशातच राहिलं. त्यांनी रेडिओ उघडला, ब्रशने झटकला, एक तार उगाच दाबली, सेल सुलटे केले. रेडिओ बोलू लागला. "तार सैल झाली हुती आबा. आता सेल ह्ये असं बसवा म्हंजी तारंवर ताण येनार न्हाई." आबा खूश होऊन गेले. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबनं आलाय मानूस. येडा ठरवून परत कशाला पाठवायचा?"

आता मूळ गोष्टीकडे येतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या घरी एक व्हीसीडी प्लेअर होता. माझे वडील तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. त्यांची सगळी नोकरी कोयनानगरच्या वीजघरात गेली. आई गेल्यावर मी त्यांना सांगलीला आणलं. त्यांना एकच शौक, सिनेमा. दुपारी तबकडी लावायची आणि खुर्चीत ताठ बसून बघायचं, ड्युटीवर असल्यासारखं.

पण गेले काही महिने ते त्या मशीनवर उखडलेले असत. "ही मशीन चित्र खाते," म्हणायचे. "माणसं चालत येत नाहीत, मधेच उगवतात. हा कुठनं आला आता?" मी म्हणायचो, दारातून आला की, बाबा. ते म्हणायचे, "दार कुठाय?" आणि खुर्ची आणखी पुढे ओढायचे.

खरं सांगतो, त्यांची तक्रार मला गोडच वाटली. कारण मला स्वतःला नवा प्लेअर हवा होता. तेव्हा डीव्हीडी नुकतीच आली होती. विश्रामबागेकडच्या एका दुकानात काचेत मांडलेलं होम थिएटर मी येता-जाता बघायचो. चपटा चकचकीत प्लेअर आणि भोवती पाच-सहा स्पीकर. विक्रेता म्हणे, "सर, जुना द्या, नवा न्या. चित्रातला केसन् केस दिसतो." मी वडिलांच्या नावाखाली मन पक्कं करत आणलं होतं. बायको एवढंच म्हणाली, "ताईंना एकदा दाखवा तरी."

ताईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"डीव्हीडीच्या तबकड्या सांगलीत कुठं मिळत्यात, सर?"

"मिळतील की पुढे."

"मग पुढं घ्या. तुमच्याकडच्या ह्याच तबकड्या त्यात घातल्या, तर चित्र ह्येच येनार. भांडं बदललं म्हनून आमटी बदलती व्हय?"

मी वडिलांची तक्रार सांगितली. कडा खाल्ल्या जातात, माणसं मधेच उगवतात. ताईंचा हात थांबला. "ह्यी तक्रार प्लेअरची नसती," त्या हळू बोलल्या. "रविवारी येते घरी. आदी बगू."

रविवारी त्या पिशवी घेऊन आल्या. प्लेअर उघडला, भिंग पुसलं, तारा तपासल्या. सिनेमा लावला. मला चित्र स्वच्छ दिसत होतं. वडील म्हणाले, "तसंच आहे." ताईंनी पिशवीतून स्वतःचा प्लेअर काढून जोडला. वडील म्हणाले, "हाही तसलाच." मग ताईंनी चहा घेतला. माझी बायको वडिलांच्या डाव्या हाताला कप ठेवून गेली होती. वडिलांनी हात हलवला आणि कप कलंडला. अलीकडे हे रोजचंच होतं. आम्ही वयाला दोष देऊन फरशी पुसायचो.

ताई मात्र उठून त्यांच्या खुर्चीमागे गेल्या. "बाबा, तुमी टीव्हीकडंच बगा. मान हलवू नका. माझ्या हातात पेचकस हाय. दिसला की 'आला' म्हना."

त्यांनी पेचकस वडिलांच्या कानाशेजारी धरला आणि सावकाश पुढे आणू लागल्या. पिवळ्या मुठीचा, चांगला वीतभर लांब पेचकस. तो कानापुढे आला, गालापुढे आला. मी वाट बघत होतो. तो डोळ्याच्या कोपऱ्यापाशी आला. वडील टीव्हीकडे बघत बसले होते. पेचकस जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "आला."

दुसऱ्या बाजूनेही जवळपास तेच झालं.

"बाबा, मशीन बरी हाय," ताई म्हणाल्या. "डोळं दाखवाय पायजेत. उद्याच."

वडील ताडकन उभे राहिले. "मला आंधळा म्हणतेस? वीजघरातले काटे वाचण्यात जन्म गेला माझा. आजही पेपर वाचतो, बारीक अक्षरासकट. टीव्हीची मेकॅनिक तू, टीव्ही बघ. चल, नीघ इथनं."

ताईंनी पिशवी भरली. मी जिन्यापर्यंत गेलो, माफी मागायला. त्या पायरीवर थांबल्या.

"सर, आमच्या अण्णांचं असंच झालं. पेपर वाचायचं, सुईत दोरा ओवायचं. पन टीव्हीची कड दिसंना. मी मेकॅनिक ना, मी टीव्ही दुरुस्त करत बसले. पिक्चर ट्यूब बदलली. मग टीव्हीच बदलला. डोळं दाखवायचं कुनाच्या डोक्यात आलं न्हाई. दाखवलं तवा काय उरलं नव्हतं." आणि त्या भराभर जिना उतरून गेल्या.

आता मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी काहीच केलं नाही. वडील चार दिवस घुश्शात होते, जेवणावर राग काढत होते. मला वाटलं, शेवटी ती दुरुस्तीवाली बाई, डॉक्टर थोडीच आहे? शाळेत परीक्षा होत्या. म्हटलं, सुट्टी लागू दे, मग बघू. विज्ञानाचा शिक्षक मी, आणि डोळ्यांसमोर झालेला प्रयोग मानायला तयार नव्हतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी खाली मोपेडचा आवाज आला. गॅलरीतून पाहिलं तर ताई, आणि मागे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसलेले अण्णा. पांढरा शर्ट, लष्करी मिशा, काळा चष्मा. त्यांना जिना चढवून आणलं. ताई दारातच थांबल्या. "मी आत येत न्हाई, बाबांनी घालवलंय मला. अण्णांना तेवढं बसू द्या."

वडील खुर्चीत अवघडून बसले. अण्णांनी समोरच्या खुर्चीची पाठ चाचपली, बसले, आणि बिघाडाबद्दल एक अक्षर न काढता म्हणाले, "साहेब कोयनेला हुता म्हनं. तिथं जमीन लय हलती म्हनत्यात."

"हलते," वडील म्हणाले. "सवय होते पण. पहिल्या पहिल्यांदा बाहेर पळायचो. मग नुसतं भांडी वाजली की म्हणायचं, झालं."

"त्येच सांगाय आलोय," अण्णा म्हणाले. "सवय लय वाईट. डोळं एकदम गेलं असतं तर मी बोंब मारली असती. पन ते रोज केसाएवढं जातंय. मानूस सवय करून घेतंय. दाराला धडकलो तर दाराला शिव्या दिल्या. कप सांडला तर पोरीला शिव्या दिल्या. टीव्हीला तर किती दिल्या, मोजदाद न्हाई." ते थांबले. "साहेब, एक विचारू? तुमी बसलाय तिथनं माझी पोरगी दिसती का?"

ताई दारात उभ्या होत्या, वडिलांच्या उजव्या अंगाला, चार पावलांवर. वडिलांनी समोर पाहिलं. मग मान फिरवली, आणखी फिरवली, आणि त्या दिसल्यावर बराच वेळ तिकडेच बघत राहिले.

"आत ये," ते म्हणाले. "दारात काय उभी राहिलीस?"

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या कामाला दांडी मारून मी त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. "गेलं ते परत येणार नाही. पण उरलेलं राखता येईल. आणखी वर्षभर थांबला असता तर राखायलाही फार उरलं नसतं." त्यांनी विचारलं, कुणी पाठवलं? मी सांगितलं, टीव्ही दुरुस्त करणाऱ्या बाईंनी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायला लावली.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दोन्हीत थेंब सुरू झाले. थेंबांची वेळ वडील वीजघरातल्या पाळीसारखी पाळत. नजर होती तेवढी टिकली. पुढची दहा वर्षं ते पेपर वाचत होते, देवळापर्यंत एकटे जाऊन येत होते, नातीच्या लग्नात त्यांनी नातजावयाला नीट निरखून घेतलं. माणसाच्या आयुष्यात दहा वर्षांचा उजेड ही केवढी गोष्ट आहे, हे त्या घरात राहिलेल्यालाच कळतं.

आणि प्लेअर? तो राहिला तसाच. डीव्हीडी आम्ही खूप नंतर घेतली, गल्लीत तबकड्या मिळू लागल्यावर, ताईंना विचारूनच. रविवारी दुपारी आता अण्णाही आमच्याकडे यायचे. वडील पडद्यावर काय चाललंय ते त्यांना सांगायचे आणि अण्णा आवाजावरून सांगायचे की आता मागून कोण येणार. दोघांचा मिळून एक सिनेमा पुरा व्हायचा. ताई येता-जाता डोकावून म्हणायच्या, "गप बगा की जरा, शेजारी तक्रार करत्यात."

अण्णा गेले त्याच्या पुढच्या वर्षी ताईंना साताऱ्याकडे मुलींच्या तंत्रशाळेत शिकवायची नोकरी लागली. दुकान उचलायचं ठरलं. ज्या सकाळी टेम्पो भरला त्या सकाळी अर्धी गल्ली हाताला हात लावायला आली होती. हळदीचा व्यापारी होता, गुळाचा अडत्या होता. वडिलांनी मला सोबत येऊ दिलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून एकटे रस्त्यापर्यंत चालत आले. मी लांब, मागे उभा होतो.

ताई त्यांच्या डाव्या बाजूला दोऱ्या आवळत होत्या. त्यांनी बाबांना पाहिलं. हाक मारली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी हातातली दोरी सोडली, टेम्पोला वळसा घातला आणि बरोबर त्यांच्या नाकासमोर येऊन उभ्या राहिल्या. काय बोलले दोघं ते मला ऐकू आलं नाही. वडिलांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवलेला दिसला.

टेम्पो निघाला. मार्केट यार्डाच्या रस्त्याने सरळ गेला, पिंपळाशी वळला. गर्दी पांगली तरी वडील उभेच होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "चला बाबा, गेल्या ताई."

"माहीत आहे," ते म्हणाले. "वळणापर्यंत दिसत होती मला."