मल्लिनाथचा रिकामा हात

मल्लिनाथच्या मातीच्या दिवशी मी खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे लिहीन ते वाचताना कुणी मला चांगला मित्र समजणार नाही. चार माणसांच्या देखत मला एक साधा प्रश्न विचारला होता. खरं उत्तर मला ठाऊक होतं आणि मी ते दिलं नाही. त्याला आता काही आठवडे झाले. या आठवड्यांत मी मल्लिनाथविषयी जेवढा विचार केला, तेवढा तो जिवंत असताना केला असता तर बरं झालं असतं...

अणदूरच्या शाळेत आम्ही दोघं बरोबरच लागलो. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. उर्दूत शिकलेल्या आम्हा दोघांना एकाएकी मराठीतून शिकवायचं होतं. जीभ 'जरब' म्हणायची आणि फळ्यावर लिहायचं 'गुणाकार'. मग रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा धडा एकमेकांना म्हणून दाखवायचा, चुका काढायच्या, हसायचं. त्यातून आमची मैत्री झाली. दोघंही लिंगायत, दोघांच्याही गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग. आमच्यात ते जन्मभर माणसाच्या अंगावर असतं, रोज तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. माणूस गेला की त्याला बसवतात, त्याच्या डाव्या तळहातावर तेच लिंग ठेवतात आणि तसंच मातीआड करतात.

एका उन्हाळ्याच्या सुटीनंतर मल्लिनाथचा गळा मोकळा दिसला. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, पहिलं मूल गेलं त्याचा राग देवावर काढला. कुणी म्हणालं, सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या लाल बावट्याच्या सभा ऐकून आलाय. मला दोन्ही पटेना, म्हणून मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "काही झालं न्हाय, विश्वनाथ. एक दिवस पूजेला बसलो अन् ध्यानात आलं, समोर कुणी न्हाय. मी एकटाच बोलतोय. मग उठलो, आंघोळीचं पाणी तापलं होतं, आंघोळ केली." त्यानं लिंग फेकलं नव्हतं, कुठं सोडूनही दिलं नव्हतं. काशीवहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हातात दिलं होतं. त्या स्वतःच्या लिंगाबरोबर त्याचीही पूजा करत.

मला हे उत्तर फार सोपं वाटलं आणि सोप्या उत्तराचा मला नेहमी संशय येतो. एवढं मोठं काही माणूस सोडतो, तेव्हा तिथं दुसरं काहीतरी मोठं ठेवतो, अशी माझी खात्री होती. स्टँडजवळच्या हॉटेलात आमचा वाद रंगायचा. मी म्हणायचो, "देव न्हाय म्हणणं हाही एक पंथच झाला. तुझी श्रद्धा 'न्हाय'वर, माझी 'हाय'वर. फरक काय?"

"माझ्या दारात म्हैस न्हाय," तो म्हणायचा. "मग सकाळी उठून नसलेल्या म्हशीची धार काढायला बसतो का मी?"

"पण म्हैस नसलेला माणूस म्हशीवरून गावाशी भांडत बसत न्हाय."

"मी कुठं भांडतो? गावच रोज इचारतं, मास्तर, म्हैस कुठं बांधली? आता तूच बघ, किती वर्सं झाली, गोठा हुडकतोयस."

बाकीचे हसायचे. मीही हसायचो, पण गोठा शोधणं काही थांबवलं नाही. खंडोबाच्या यात्रेत कुणी त्याच्या कपाळाला भंडारा लावला तर तो पुसत नसे. मी लगेच टोकायचो. तो म्हणायचा, "म्हातारी पायरीवर चढून लावती. तिचा हात ढकलू का?" मला हे पटत नसे. मी मनात पुरावे जमा करत होतो, फौजदार करतो तसे.

मग एक पुरावा हाती लागला. एका सकाळी मी त्याच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. देवघरात मल्लिनाथ खाली बसला होता, डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातानं त्यावर पाणी घालत होता. मी बाहेरूनच खाकरलो. तो दचकला नाही. "ये," म्हणाला. "हिला ताप हाय. उठवत न्हाय. तिच्या नेमात खंड नको म्हणून दोन्ही लिंगांवर पाणी घातलं."

"नुसतं पाणीच?"

"मंतर मला येतात. पण ते म्हटले असते तर खोटं झालं असतं."

आतून वहिनी कण्हत म्हणाल्या, "भावजी, बेल घालायचा र्‍हायलाय, तेवढा घालाया सांगा त्यांना." त्यानं निमूट बेल घातला. त्या दिवशी मी घरी आलो तो जिंकल्यासारखा. वहिनींचा ताप मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी माझ्या मनानं तो बहाणा ठरवला. हा आत कुठंतरी मानतो, फक्त कबूल करत नाही, हे माझ्यापुरतं तिथं पक्कं झालं.

गेल्या वर्षी तो खंगत गेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. शाळा सुटली की मी त्याच्या बाजेशी जाऊन बसायचो. एकदा वहिनी पाण्याला गेल्या होत्या, तेव्हा तो म्हणाला, "विश्वनाथ, मी गेल्यावर तुम्ही मला बसवा, निजवा, काय पण करा. फक्त हातावर काही ठेवू नका. अण्णाला तू सांग. तुझं तो ऐकंल." अण्णा म्हणजे त्याचे थोरले बंधू.

आजारी माणसाशी वाद घालू नये एवढी अक्कल मला असायला हवी होती. मी म्हणालो, "तुझ्या हिशेबानं तू नसणारच. मग हातावर काय ठेवलं, काय न्हाय, तुला काय फरक पडतो? ज्याला काहीच मानायचं न्हाय त्याचा हट्ट कसला? हा हट्टच सांगतो की तुझीही श्रद्धा हाय."

"मला काय फरक पडणार? न्हायच पडणार," तो म्हणाला. "पण तेवढंच बघून लोक म्हणतील, मास्तर जन्मभर खोटं बोलला. मी खोटं न्हाय बोललो रे. तेवढं सांभाळ."

मी म्हणालो, "बरं." शब्द दिला तो एवढाच.

तो गेला त्या दिवशी अंगणात माणसं मावत नव्हती. त्याला आंघोळ घालून, विभूती लावून भिंतीशी बसवलं होतं. वहिनी शेजारी होत्या, पदरात लिंगाची डबी धरून. अण्णा म्हणाले, "ठेवा आता." पण आमचे मठाचे स्वामी थांबले. फार सरळ माणूस. ते म्हणाले, "मास्तरांनी लिंग स्वतःहून उतरवलं होतं. जाताना काही सांगून गेले असतील तर बोला. मनाविरुद्ध ठेवलेलं लिंग आम्हालाही नको." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी, तुम्ही शेवटपर्यंत जवळ होता. काही बोलले होते का?"

खरं बोलायला स्वामींनी दारच उघडून दिलं होतं. मला फक्त त्यातून जायचं होतं. मी म्हणालो, "न्हाय. काही बोलला न्हाय." अण्णांनी डबीतलं लिंग काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

का? मी स्वतःला बरीच कारणं दिली आहेत. अण्णांना दुखवायचं नव्हतं. शेवटच्या घटकेला त्याचं मन बदललं नसेल कशावरून, असा संशय होता. हे सगळं थोडंथोडं खरं आहे. पण खरं कारण लहान आणि घाणेरडं आहे. इतक्या वर्षांचा वाद होता आणि समोरचा आता बोलू शकत नव्हता. मला तो वाद जिंकायचा होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्याच हॉटेलात तेलाचा व्यापारी मोठ्यानं सांगत होता, "मास्तर आतून भक्तच होते. वरवरचं नाटक सगळं. शेवटी हातावर घेऊनच गेले की न्हाय?" लोक माना डोलवत होते. एकानं मला विचारलं, "काय गुरुजी, बरोबर हाय ना?" मी चहा तसाच ठेवून उठलो.

नास्तिकपण ही श्रद्धा की नुसता श्रद्धेचा अभाव, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण एक कळलं. मी काही मानावं किंवा सोडावं अशी अपेक्षा त्यानं कधीच केली नव्हती. त्याच्याजवळ नव्हतं ते नाही म्हणायची तेवढी मोकळीक मागितली होती. देव मानणाऱ्या मला ती देता आली नाही.

मी वहिनींकडं गेलो. त्या ज्वारी निवडत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. "ठाव हाय," त्या म्हणाल्या. "मलाबी सांगितलं हुतं त्यांनी. मला वाटायचं ठेवावं, म्या मानते. पर त्यांचं त्यांच्यासंगं. चार पुरुषांत बाईमाणसाचं कोण ऐकतंय? म्हणून तुमच्याकडं बघत हुते मी. स्वामींनी इचारलं तवा वाटलं, आता भावजी बोलतील."

मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "मला कशाला जोडता? मला फसवलं न्हाय तुमी. ज्यांच्यापुढं खोटं बोलला, त्यांच्यापुढं जाऊन बोला."

सोमवारी मठात गेलो. पूजा आटोपली होती, माणसं प्रसादाला थांबली होती. अण्णा होते, तो तेलाचा व्यापारीही होता. मी स्वामींना म्हणालो, मला दोन वाक्यं बोलायची आहेत, आणि उभा राहिलो. म्हणालो, "मल्लिनाथ मला सांगून गेला होता, हातावर काही ठेवू नका म्हणून. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तो जन्मात कधी खोटं बोलला नाही. अण्णा, स्वामी, तुमची माफी मागतो, आणि त्याची मागतो, मेल्यावर माणूस कुठंच नसतो हे त्याचं म्हणणं मान्य करून मागतो."