शालूचं रुखवत आणि आम्ही तिघी

चार बायका सुईदोरा घेऊन बसल्या की काम वीतभर सरकतं आणि किस्से हातभर वाढतात. आम्ही तर तिघीच होतो, पण शालूच्या रुखवताने पुरून उरतील एवढे किस्से दिले.

लढाईचे दिवस, कापड कंट्रोलवर, आणि जळगावात आमच्या शेजारच्या इंदूअक्कांच्या शालूचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा. त्याच्या आईचं भरतकाम म्हणे धुळ्यात नावाजलेलं. बाईंनी निरोप धाडला, "बाकी काही नको. रुखवतात मुलीच्या हातचं काम तेवढं बघेन."

अक्कांनी डोक्याला हात लावला. शालूला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मग काय, रोज दुपारी अक्कांच्या मधल्या खोलीत आम्ही बसायला लागलो: अक्का, गोदूवहिनी आणि मी.

*

गोदूवहिनींना कुठल्याही वस्तूत दुसरीच दिसायची. रॉकेलचा डबा दिसला की बंगला, करवंटी दिसली की कासव. एकदा म्हणाल्या, "काल जेवताना खुंटीकडे नजर गेली आणि मला हत्ती दिसला." आम्ही मनावर घेतलं नाही. दोन दिवसांनी काळाभोर हत्ती घेऊन हजर!

संध्याकाळी त्यांचे यजमान, शाळेतले मास्तर, आले. हत्तीभोवती एक फेरी मारली.

"माझी छत्री कुठाय?"

"ही काय."

"आणि मूठ?"

"सोंड झाली."

मास्तर सोंडेकडे बघत राहिले. "मग आता पावसाळ्यात शाळेत हत्ती घेऊन जाऊ का?"

*

माझी मजल मोरापर्यंत. असोद्याहून केळीच्या खोडाची वाळलेली सोपटं आणवली, त्यांचे धागे काढून निळीत रंगवले, आठ दिवस खपून पिसारा फुलवला. इतकी खूश, की येता-जाता अक्कांकडे डोकावून त्याला बघून यायची. एकदा बघते तो मोर गायब. भडगावहून आलेली अक्कांची आत्या, जिजी, तो हातात धरून ओटा झाडत होती.

"जिजी, अहो मोर आहे तो!"

जिजीने तो उलटासुलटा करून पाहिला. "मोर शे का? माले वाटनं झाडू शे. पन झाडस चांगला, माय."

मोराचं झालेलं कौतुक ते एवढंच. मी ठेवून घेतलं.

*

मातीची केळी मात्र तिघींनी मिळून केली. पिवळा रंग, टोकाला काळं. अक्कांचे मामेभाऊ रावेरहून आले, घरच्या केळीच्या बागा. त्यांनी फणी उचलली, एक केळं अंगठ्याने दाबलं आणि खाली ठेवत म्हणाले, "अक्का, घाई करू नका. अजून चार दिवस गवतात ठेवा."

ते गेल्यावर आम्ही फुगड्या घातल्या. माझी कंबर आठ दिवस बोलत होती.

*

सगळं जमत होतं, एक शालू सोडून. "एक तरी टाका शीक गं," म्हणून अक्कांनी तिला उशीच्या अभ्र्यावर टाके घालायला बसवलं. पोरगी दोन तास मान वर न करता शिवत होती. आम्ही एकमेकींना खुणा केल्या, जमलं म्हणून. अक्कांनी पाणी मागितलं. शालू उठली, तिच्याबरोबर उशीही उठली. अभ्रा साडीला शिवला होता.

अक्का रडकुंडीला आल्या. "ती बाई ओळखेल गं. जन्मभर टोमणे ऐकेल माझी पोर."

गोदूवहिनी म्हणाल्या, "रुखवतात सगळं मुलीनेच केलेलं असतं. कोणी केलं, असं कुठे कोणी विचारतं?"

*

बाईंनी विचारलं.

लग्नाच्या दिवशी त्या रुखवत बघायला आल्या. हत्ती पाहिला, केळी पाहिली, मोरापाशी जरा अडखळल्या. मग आम्ही तिघींनी मिळून भरलेला टेबलक्लॉथ उचलला आणि उलटा केला. भरणारी बाई मागची बाजू बघते, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. वरून गुलाब एकसारखे. मागे तिघींच्या तीन तऱ्हेच्या गाठी, आणि माझ्या कोपऱ्यात तर दोऱ्यांचं जंगल.

बाईंनी शालूला जवळ बोलावलं. "यातला तुझा कोपरा कुठला?"

अक्कांनी माझा दंड घट्ट धरला.

शालू हळू आवाजात म्हणाली, "एकही नाही. मला येत नाही."

बाईंनी टेबलक्लॉथ सुलटा पसरला, हाताने सुरकुत्या काढल्या. तेवढ्यात त्यांच्याकडच्या दोघीतिघी आल्या. "किती सुरेख भरलंय," म्हणत एकीने कोपरा धरून उलटायला घेतला.

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "उलटू नका हो. माझ्या सुनेच्या हातचं आहे."