औंदा सगळ्यांना वाढा

कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी लेथवर काम करतो, तिथला माझा पगार तीन दिवाळ्या झाल्या जागचा हललेला नाही. तेल, गॅस, पेट्रोलचे भाव मात्र सारखे चढतीवर. आमच्या घरच्या भडंगात शेंगदाणा सापडला की हल्ली मुलगी तो सगळ्यांना दाखवून खाते. त्याचं हसू येतं. पण बायको शेडवर बेदाणा निवडायला जायला लागली तेव्हा आलं नाही. दिवसभर वाकून बसायचं, आणि तिची पाठ आधीच दुखरी. पगार वाढला की आधी तिचं हे काम सुटावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून पूजा असते. मालक मुलाला भेटायला पाचगणीला, त्याच्या शाळेत गेले होते. तिथून त्यांनी सुपरवायझरला फोन केला. मी लेथला हार घालत होतो, शेजारी आरतीची घंटा चाललेली. त्यातूनही स्पीकरवरचं एक वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं, "औंदा सगळ्यांना वाढा. हात आखडू नका."

मी बाहेर जाऊन लगेच घरी फोन लावला. "अगं, वाढ झाली. दसऱ्यानंतर येत न्हाई म्हणून शेडवर सांगून टाक." तिनं तासाभरात सांगूनही टाकलं.

मग पंगत बसली. सुपरवायझर जिलेबीची परात घेऊन माझ्यासमोर आला. "घे गड्या. सगळ्यांना पोटभर वाढा म्हणून मालकांचा फोन हाय."

मी नुसता परातीकडे बघत राहिलो. शेजारच्या फिटरनं विचारलं, "काय रं, गोड चालत न्हाई व्हय तुला?" चालतं म्हणालो आणि दोन जास्त घेतल्या. मिळालेली वाढ सोडायची कशाला?

घरी सांगितलं तर बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आवं, मग चार बांधून तरी आणायच्या." मीही हसलो. दसऱ्यानंतर ती परत शेडवर गेली. तिच्या भिंतीकडेच्या जागेवर दुसरी बाई बसली होती. आता हिला पाठ टेकायलाही काही नाही. मला त्याचा फार राग येतो, पण तो काढायचा कुणावर?

लग्न झाल्यापासून मी कामावरून आलो की ती विचारायची, "वाढू का?" त्या दिवसापासून विचारत नाही. ताट करून ठेवते आणि म्हणते, "बसा."