मास्तराच्या दुकानातली सवत

आमच्या गल्लीतला टेलरमास्तर माणसाचं तोंड विसरतो, पण माप विसरत नाही. रस्त्यात भेटला की आधी खांद्याकडे बघतो, मग कमरेकडे, आणि वेळ उरलाच तर डोळ्यांकडे. मला एकदा म्हणाला, "काका, डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. बरं आहे ना सगळं?" मी म्हटलं, "अरे, त्या हातात पिशवी आहे." तर म्हणतो, "पिशवी धरूनच बोललो."

लग्न ठरवतानाही यानं मुलीची उंची मनातल्या मनात टिपून ठेवली असणार, असं मी त्याच्या बायकोसमोर म्हणालो. ती दोरा दातानं तोडत म्हणाली, "मनात कशाला? वहीत आहे. मी पाहिलीय."

ही मास्तरीण. काज-बटणं आणि हातशिलाई तिची, कटिंग आणि मशीन त्याचं. दुकान पुढे, दोन खोल्या मागे, मध्ये एक पडदा. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलंय; टाके मी घातलेत.

दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात सगळं थांबलं. दुखलं नाही, खुपलं नाही. एका मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र बाजूला ठेवलं आणि सांगितलं, एवढंच. गल्लीत कुणी त्यावर बोललं नाही, म्हणजे सगळे बोलले, फक्त त्यांच्यासमोर नाही. त्यामुळे पुन्हा दिवस राहिले तेव्हा दोघांनी चौथा महिना लागेपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. मला कळलं ते असं, की मास्तर बायकोसाठी झगा बेतत होता आणि पुढच्या भागाला जास्तीच्या चुण्या सोडत होता. मी कुणाला काही बोललो नाही. दुपारपर्यंत.

चौथ्या महिन्यात उलट्या थांबल्या, भूक परत आली, चेहऱ्यावर तजेला आला. पण मापाला उभं राहिलं की तिला घेरी येई. म्हणून मास्तरानं माळ्यावरचा जुना पुतळा खाली काढला. डोकं नाही, हात नाहीत, लोखंडी पायावर उभं केलेलं मांजरपाटाचं धड. पाठीवर नाड्या, त्या सोडल्या की आत कापूस-चिंध्या भरून हवा तसा आकार देता येतो. दर रविवारी सकाळी तो बायकोच्या पोटाला एकदाच टेप लावी, आकडा वहीत लिही आणि पुतळ्याच्या पोटात तेवढं भरण घाली. झगे पुतळ्यावर बेतायचे, बायकोनं बसून राहायचं.

"सवत आणलीत घरात," ती म्हणाली.

"सवत कसली? तुझ्या वाटचं उभं राहायचं काम तिचं."

"आणि बसून खायचं माझं. मग राहू दे तिला."

अठराव्या आठवड्याच्या रविवारी टेप छत्तीसवर थांबली. एकोणिसाव्यालाही छत्तीस. आत काही हललंही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता कधीही कळेल, पाण्यात बुडबुडा फुटावा तसं. मास्तरीण डाव्या कुशीवर पडून तासन् तास त्या बुडबुड्याची वाट बघायची. मास्तर विचारायचा नाही, पण मशीन मध्येच थांबवून पडद्याकडे कान द्यायचा. महिना तोच होता, मागच्या वेळी सगळं थांबलं तो.

"वाढलंय थोडं," त्या रविवारी तो तिला म्हणाला. आयुष्यात मापाबद्दल बोललेलं पहिलं खोटं.

सोमवारी त्यानं झगा बेतायला पुतळ्याला टेप लावली. साडेछत्तीस. त्यानं भर घातली नव्हती. पुन्हा लावली. साडेछत्तीस. नाड्या सोडून एक मूठ कापूस काढला, बांधलं, छत्तीस झालं. बुधवारी पुन्हा साडेछत्तीस. त्यानं काढलं. शुक्रवारी पावणेसदतीस. त्यानं दोन मुठी काढल्या आणि हात बराच वेळ पाण्याखाली धरले.

शनिवारी शाळेतल्या बाई कोट घालून बघायला आल्या. तोंडाळ बाई, मला फार आवडतात. पुतळ्याकडे बघून म्हणाल्या, "काय मास्तर, हिला कितवा?" आणि मनसोक्त हसल्या. मग कोटाचं एक बटण लावलं, दुसरं लावता लावता थांबल्या. "जरा तिकडे फिरवा हो तिला," हळूच म्हणाल्या. "बघतेय असं वाटतं." डोकं नसलेला पुतळा कसा बघेल, हे त्यांनाही विचारावंसं वाटलं नाही आणि मास्तरालाही.

त्यानं पुतळ्यावर चादर टाकली. चादरीखाली पोट जास्तच दिसायला लागलं. दुपारी उन्हं दारातून आत आली की पुतळ्याची सावली पडद्यावर पडे, गोल, भरलेली. पडद्याच्या मागे बायको झोपलेली, सपाट वाटावी अशी. एक विचार त्याच्या डोक्यात आला आणि भुंग्यासारखा आतच घुमत राहिला: इथलं जे वाढतंय, ते तिथलं तर नाही? रविवारी त्यानं बायकोला टेप लावायचं टाळलं. मुठी काढत राहिला. इकडे पुतळा उतरला तर तिकडे चढेल, असा हिशोब.

पुढच्या गुरुवारी सोनोग्राफी होती. आदल्या दिवशी तो भर दुपारी कोट पोचवायला गेला आणि सुईचं पाकीट विसरलं म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरला. दुकानात पाऊल टाकतो तर मास्तरीण पुतळ्याच्या पाठीशी उभी, दोन्ही हात कोपरापर्यंत आत. पुतळ्याशीच बोलत होती, अगदी गोडीत.

"आज पुन्हा कमी? कुठं जातं गं सगळं?"

मास्तर उंबऱ्यातूनच म्हणाला, "काय करतेस?"

तिनं हात बाहेर काढले नाहीत. "भरतेय. मी भरते आणि ही उतरते. मला भीती वाटते हो. ही उतरली म्हणजे..."

"तू भरतेस? कशाला?"

"तुम्ही दोनदा छत्तीस लिहिलंत आणि तोंडानं वाढलंय म्हणालात. वही मला वाचता येते. म्हटलं, हिला जरा पुढे नेऊन ठेवावी. तुम्ही बेतलेल्या कापडात आजवर माणूस बसला नाही असं झालंय का? ही सदतीस झाली की मलाही व्हावंच लागेल."

मास्तर मटकन स्टुलावर बसला. "अगं, काढत मी होतो."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग असं हसू फुटलं, की शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊन डोकावून गेला. इतक्या दिवसांची भीती म्हणजे एकानं घालायचं आणि दुसऱ्यानं काढायचं, बस्स!

हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसत विचारलं, "किती काढलंत?"

"सात मुठी झाल्या. तू?"

"चारच घातल्या. आणि माझी मूठ ती केवढी!"

मास्तरानं टेप घेतली, पुतळ्याला लावली. सदतीस. टेप तिच्या हातात दिली. तिनं लावली. सदतीस. मग कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सनं आधी टेपनंच माप घेतलं. मास्तराला राहवेना. "सिस्टर, दोन बोटं नाही ठेवलीत टेपमध्ये?"

"पोटाला कसली दोन बोटं? मला झगा शिवायचाय का?"

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. सुरुवातीचे सगळे रविवार त्यानं सवयीनं टेपखाली दोन बोटं ठेवली होती, कापड सैल बसावं म्हणून. एकोणिसाव्या आठवड्याला भीतीनं नेमका आकडा हवा होता, म्हणून बोटं काढली. वाढलेला इंच त्या बोटांच्या जागेत जिरला होता. वीस वर्षं मुरलेला कारागीर, आणि चुकला तो स्वतःच्या बायकोच्या मापात!

सोनोग्राफीच्या पडद्यावर पाठीचा कणा दिसला, तोंडाशी नेलेली मूठ दिसली, भराभर उघडझाप करणारं काळीज दिसलं. "सगळं जिथल्या तिथे आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळाची वार पुढच्या बाजूला आहे, म्हणून हालचाल उशिरा कळतेय. कळेल आता."

मास्तर तिथंच रडला. मास्तरीण त्याला रिक्षात म्हणाली, "आधी ती घरातली रिकामी करायची. मी करणार, तुम्ही हात लावायचा नाही."

घरी आल्या आल्या तिनं चादर ओढली, नाड्या सोडल्या आणि मूठ मूठ भरण जमिनीवर टाकायला लागली. मास्तर समोर बसून बघत होता. त्याच्या पायाला लागलेल्या चिंध्या कोमट होत्या. ऊन तर दुसऱ्या बाजूला होतं. ढीग गुडघ्याला लागला तरी हात आत जातच होता.

अचानक ती थांबली. हात आतच.

"हललं," म्हणाली.

"कुठं?" मास्तरानं विचारलं. बायको आपलं मूल हललं म्हणतेय आणि नवरा विचारतो कुठं! पण त्याच्या जागी मी असतो तरी तेच विचारलं असतं.

ती खाली बघत राहिली. मग हात सावकाश बाहेर काढला आणि त्याचा पंजा ओढून आपल्या पोटावर दाबून धरला. "माझं," म्हणाली. "हे माझं हललं."

मास्तर ही गोष्ट इंच न् इंच सांगतो. फक्त ते उत्तर द्यायला ती किती वेळ थांबली, एवढं विचारलं की टेप गळ्यातून काढतो आणि म्हणतो, "काका, हात वर करा. तुमचं माप घ्यायचं राहिलंय."